ताईच्या नावाचा कागद

आमच्या घरात शिंकेचा अपशकुन कोणी मानत नसे. मानला असता तर कोणाचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नसतं. नागपुरात गांधीबागेच्या मागच्या एका गल्लीत बाबांची मिरची दळायची चक्की होती आणि तिच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो: बाबा, आई, माझी थोरली बहीण कुसुम आणि मी. होळीच्या आसपास चक्की सुरू झाली की पाऊस येईपर्यंत ती थांबत नसे. बायका वर्षाचं तिखट दळून न्यायला उन्हातून डबे घेऊन येत, पदर नाकातोंडावर घट्ट बांधून ओट्यावर बसत आणि आपला नंबर येईपर्यंत आळीपाळीनं शिंकत. मोटारीचा पट्टा फिरू लागला की वर मांडणीतले पेले एकमेकांना लागून वाजत. चक्की बंद झाल्यावर ते पेले थांबत, आणि मगच शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येई. लाल धूळ जिन्यानं वर येई, फडताळाच्या काठावर बसे, उशीच्या खोळीत शिरे. आई दर शनिवारी ओल्या फडक्यानं भिंती पुसत असे. फडकं पिळलं की बादलीतलं पाणी कुंकवासारखं होई.

चक्कीत उतरण्याआधी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची बाबांची पद्धत होती. गुळानं धूळ घशाखाली उतरते, असा त्यांचा विश्वास होता. मदतीला येणारा माणूस असो की आम्ही मुली, गूळ तोंडात गेल्याशिवाय बाबा कोणाला पट्ट्याजवळ जाऊ देत नसत. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, घसा खवखवणं हे त्या धंद्याबरोबर येणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. पुढे मी वर्तमानपत्रात नोकरीला लागले तेव्हा एका ज्येष्ठांनी मला शिकवलं की जी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते तिची बातमी सगळ्यात उशिरा होते. ते दुसऱ्या विषयावर बोलत होते. मला आमचं घर आठवलं.

ताई पावसाळ्यातही शिंकत असे. चक्कीला कुलूप असे, भिंती धुतलेल्या असत, आम्ही बाकी तिघं गप्प असू आणि ताई सकाळी उठून पितळी तांब्यावर वाकून दहा-बारा शिंका ओळीनं देई. तिच्या नाकाचा शेंडा सारखा वर चोळल्यानं तिथे एक आडवी रेघ उमटली होती. लग्नाच्या फोटोत ती पावडरीखाली झाकली आहे, तरी दिसते. झोपेत तिचं तोंड उघडं राही. तिला वास जवळजवळ येतच नसे. घरचा स्वयंपाक मात्र तीच करायची, आणि तो कानानं करायची. मोहरी तडतडायची थांबली की हिंग, लसूण तेलात कुरकुरायला लागला की तिखट. रविवारी गोळाभात असे. वाफवलेले बेसनाचे गोळे भातात फोडून त्यावर कडकडीत फोडणी ओतायची. तेल नेमकं केव्हा उतरवायचं ते ताईला आवाजावरून कळे. फक्त भात खाली लागला तर तिला समजत नसे. मग ती मला हाक मारी, "सुमे, जळून राहिलं का पाह्य वं." मी अभ्यास सोडून जाई, हुंगे आणि सांगे. इतकी वर्षं मी तिचं नाक होते, पण त्या नाकाला काय झालं आहे ते विचारावं असं मला सुचलं नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिचं नाक इतकं बंद झालं की वर्गात तिला बोलता येईना. परीक्षा संपल्यावर मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी टाकून पाहिलं, ॲलर्जी आहे म्हणाले आणि चिठ्ठी देऊन तिला छातीच्या विभागात पाठवलं. ताई वैतागली. "माह्यं नाक बंद आहे नं, छातीले काय झालं?" तिथल्या डॉक्टरबाई मध्यमवयीन होत्या, आवाज बारीक, बोलणं नेमकं. त्यांनी छाती तपासली आणि साफ आहे म्हणाल्या. धाप लागते का, असं विचारलं. ताई नाही म्हणाली. ते खोटं नव्हतं, तिला माहीत असलेला श्वास तेवढाच होता. बाईंनी तरीही तिला यंत्रासमोर बसवलं. एक जाड नळी, खाली फिरणारा कागद, त्यावर एक काटा. माणूस फुंकेल तशी काटा रेघ काढत जाई. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ओरडे, "छाती भरा, भरा, आता सोडा, जोरात, अजून, अजून, थांबू नका!" ताईची रेघ थोडी चढली आणि आडवी झाली. तीनदा तसंच झालं.

"नाक आणि फुप्फुस एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत," बाई म्हणाल्या. "नाक सुजलेलं असतं त्यांच्यातल्या काहींच्या खालच्या नळ्याही आकसायला लागलेल्या असतात. त्यांना स्वतःला ते कळत नाही. स्टेथोस्कोपलाही कळत नाही. फुंकल्यावर कळतं." मग त्यांनी ताईला दम्याचा पंप ओढायला लावला, आम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला सांगितलं. या वेळी रेघ बरीच वर गेली. बाईंना हेच पाहायचं होतं. याचा अर्थ नळ्या अजून उघडतात, त्या म्हणाल्या. पंप रोज घ्यायचा, सांगितल्याशिवाय सोडायचा नाही, आणि मिरचीच्या धुळीतून हिला बाहेर काढा.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ताई मधेच उभी राहिली. नाकावर हात नव्हता, तोंड मिटलेलं होतं. मला वाटलं तिला चक्कर आली.

"काय झालं वं?"

"हवा थंड असते नं," ती म्हणाली. "आतपर्यंत थंड लागते."

मे महिना होता.

आईनं पंप पाहिला आणि तो तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. "कोणी पाहिला त पोरगी जलमभर घरात राहीन. दम्याची पोरगी कोण करते?" बाबा खाली मोटारीचं तेल बदलत होते, त्यांना वर बोलावून तिनं हेच पुन्हा सांगितलं. बाबा म्हणाले, "डॉक्टरीणबाईले काय समजते? अख्खी गल्ली शिंकते. मी तीस वर्ष झाले शिंकून राहिलो. मले काहून नाही झालं?" त्यांचं म्हणणं मी त्या वेळी चूक मानलं नाही. शिंकेनं कोणी आजारी पडत असेल तर आधी आम्ही सगळे पडायला हवे होतो, हे आम्हा चौघांना एकाच वेळी पटणारं होतं. ताई मात्र महिनाभर आईचा डोळा चुकवून डब्यातून पंप काढत राहिली. त्या महिन्यात एकदा तिनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की भात लागला आहे. मी काही बोलायच्या आधी.

त्याच उन्हाळ्यात रामटेकचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घरची धानाची शेती, गडाच्या पायथ्याशी मोकळं घर. पाहायला आले त्या दिवशी आईनं ताईला शिंका दाबायची गोळी दिली होती, त्यामुळे ती पेंगुळलेल्या डोळ्यांनी बसली आणि पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे. पसंती झाली. आठवड्यानं मुलाचे मामा एकटेच आले. ते निवृत्त कंपाउंडर होते. त्यांच्या गावच्या कोणीतरी ताईला छातीच्या विभागाच्या रांगेत पाहिलं होतं. मामांनी चहा घेतला, चक्कीची चौकशी केली आणि मग म्हणाले, "वाईट नका वाटू देऊ. संशय ठेवून सोयरीक होत नाही. एक फोटो काढा छातीचा, आन् ते फुंकायचं यंत्र असते, त्याचा कागद आणा. धंतोलीत होते ते. कागद चांगला असला त पुढच्या महिन्यात अक्षता."

फोटोची भीती नव्हती. फुंकण्याची होती. मामा गेल्यावर आई जिन्यावर बसून रडली. बाबा खाली गेले आणि दळायला काही नसताना त्यांनी मोटार सुरू केली. आत ताई माझ्यासमोर येऊन बसली. तिनं जे म्हटलं ते मी अनेकदा मनात तपासलं आहे, शब्द हेच होते.

"तू फुंकून ये नं वं माह्या नावानं."

"ताई, येडी झाली का?"

"आपली उंची एक. दोन वर्षाचा त फरक. फोटो माहा मी काढीन, फुंकाले तू जाय. त्यांच्या कागदावर तोंड थोडी असते."

"पण तुले खरंच त्रास आहे नं."

"आहे म्हणूनच म्हणून राहिली. डॉक्टरीण काय म्हणे? धुळीतून बाहेर काढा. कोण काढते मले? माय का बाबा? तिकडे गड आहे, झाडं आहे, चक्की नाही. तिथं गेली का मी आपोआप बरी होतो, मंग खोटं कुठं राहिलं?"

या युक्तिवादात मला भोक दिसलं नाही. आज दिसतं. तिच्या आजाराला घर सोडणं हा उपाय होता, घर सोडायला लग्न हा एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर आजार नसल्याचा कागद हवा होता. यातली प्रत्येक पायरी खरी होती. धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात मी नाव सांगितलं कुसुम, वय सांगितलं दोन वर्षं जास्त. छाती भरून फुंकलं. तिथला तंत्रज्ञ कागदावरची रेघ पाहून म्हणाला, "वा, गाणं शिकता का?" मी नाही म्हणाले. तेवढंच त्या दिवशी मी खरं बोलले.

लग्न झालं. ताई निघाली तेव्हा आईनं तिच्या ट्रंकेतल्या साड्यांखाली हात घालून पंप काढून घेतला, ते मी पाहिलं. ताईनंही पाहिलं.

पहिलं वर्ष खरोखर चांगलं गेलं. ताई पत्रात लिही की शिंका कमी झाल्या, आंब्याच्या मोहराचा वास येतो. मी ते पत्र आईला वाचून दाखवलं आणि आईनं देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी रामटेकला गेले. खळ्यावर धान मळणं चालू होतं, अंगणभर कोंड्याची बारीक पिवळी धूळ होती आणि ताईचा आवाज बसला होता. कार्तिकातल्या पौर्णिमेला घरचे सगळे गडावर दर्शनाला निघाले. भाऊजी, त्यांची आई, ताई आणि मी. पायऱ्यांच्या पहिल्या वळणावर ताई थांबली. दुसऱ्यावर बसली. तिनं पदर तोंडावर धरला होता आणि खांदे वर-खाली होत होते, पण आवाज नव्हता. वरून उतरणारी माणसं तिला वळसा घालून जात होती.

"काहून बसली वं?" सासूबाई वरच्या पायरीवरून म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. साठीच्या पुढच्या होत्या आणि स्वतः न थांबता चढत होत्या.

"जरासा दम लागला, आई."

"दम? तुहा त कागद चांगला आहे. आमच्या भावानं स्वतः पाहिला. म्हणे अशी छाती दहात एका पोरीची नसते."

भाऊजी हसले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमची ताई मोठी नाटकी आहे हो. मळणी आली का दम लागते, गड आला का दम लागते. सिनेमाले जाताना पाह्यजा, आमच्या पुढं चालते."

ताईनं पदराआडून माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. सांगू नको. मी सांगितलं नाही. आम्ही दोघी मागे राहिलो, ती दर दहा पायऱ्यांना माझ्या चपलेचा पट्टा तुटल्याचं निमित्त काढी आणि मी वाकून चपलेशी खेळत बसे. अशा रीतीनं आम्ही वर पोहोचलो. उतरल्यावर मी तिला म्हटलं की आता सांगून टाकू, फार तर ओरडतील. ती म्हणाली, "मले घरी धाडतीन. चक्कीवर. आन् तुह्यं लग्न व्हायचं आहे अजून." मी नागपूरहून पंप आणून देते म्हटलं. त्यालाही ती नाही म्हणाली. सासूबाई ट्रंक आवरून देत, कपाट एकच होतं, आणि चांगली छाती असलेल्या बाईजवळ पंप का, याला उत्तर नव्हतं.

त्यानंतरची पाच वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण ती एकसारखी आहेत. ताईला धाप लागे. भाऊजी तिला गावातल्या डॉक्टरकडे नेत. ते हयगय करणारे नव्हते. प्रत्येक वेळी तो कागद पिशवीतून सोबत जाई, कारण तपासणीचे जुने कागद न्यावेत असं मामांनी शिकवलं होतं. डॉक्टर कागद पाहत, फुप्फुस उत्तम आहे म्हणत आणि रक्तवाढीचं औषध लिहून देत. एकानं मनाचा आजार सांगितला. एकानं माहेरी जाऊन हवापालट करायला सांगितलं, आणि ताई पंधरा दिवस चक्कीच्या डोक्यावर येऊन राहिली. या काळात मी वर्तमानपत्रात रुजू झाले होते. दुसऱ्यांच्या मजकुरातलं चुकीचं आडनाव, चुकीचा तालुका, चुकीचं वय शोधून दुरुस्त करणं हे माझं काम होतं. ते मी चांगलं करत असे.

त्या पाच वर्षांच्या शेवटी, हिवाळ्यात, ताईला नागपूरच्या एका रुग्णालयात आणावं लागलं. मी पोहोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ती उशा मांडून बसवलेली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी, ओठ जांभळट. भाऊजी पायाशी उभे होते, हातात कागदांची पिशवी. तरुण डॉक्टर गोंधळलेला होता. त्याच्या एका हातात आदल्या दिवशीचा फुंकण्याचा अहवाल होता, दुसऱ्यात धंतोलीचा जुना कागद, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.

"सहा-सात वर्षांपूर्वी हे फुप्फुस उत्तम होतं," तो भाऊजींना म्हणाला. "इतकं चांगलं फुप्फुस एवढ्यात इतकं उतरलं तर मला साध्या दम्यावर थांबता येत नाही. काही वेगळं असावं. छातीतून सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल. या अवस्थेत त्यात धोका आहे, म्हणून सही लागेल."

भाऊजींनी खिशातून पेन काढलं.

मी ताईकडे पाहिलं. या वेळी तिनं मान हलवली नाही. हलवण्याइतकी ताकद नव्हती की तिची हरकत उरली नव्हती, हे मला ठरवता आलेलं नाही.

"तो कागद तिचा नाही," मी म्हणाले. "माझा आहे. नाव तिचं घातलं. फुंकलं मी." आणि मग सरकारी दवाखाना, नाक, बाईंनी दिलेला पंप आणि त्यानंतर वर गेलेली रेघ, एवढं सगळं क्रमानं सांगितलं. डॉक्टरनं मधे एकच प्रश्न विचारला: लहानपणापासून शिंका होत्या का? मी हो म्हणाले. त्यानं सहीचा कागद परत घेतला आणि नर्सला औषधं बदलायला सांगण्यासाठी लगबगीनं गेला.

भाऊजी पेन हातात धरून तसेच उभे होते. ते ओरडतील असं मला वाटत होतं, आणि ओरडावं असंही वाटत होतं.

"म्हणजे गडावर," ते म्हणाले. "पायऱ्यांवर. ते नाटक नव्हतं?"

"नाही."

"आन् मळणीच्या वेळी?"

"नाही भाऊजी."

त्यांनी आणखी दोन-तीन प्रसंग विचारले. एका लग्नातला, एक विहिरीवरचा. मी त्यांतल्या एकालाही हजर नव्हते, तरी प्रत्येकाला नाही म्हणाले. मग ते ताईच्या उशाशी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मले सांगितलं असतं त मी पंप आणला नसता का वं?" कदाचित आणला असता. आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

ताई त्या आजारातून उठली आणि आणखी नऊ वर्षं जगली. रोज उघड्यावर, सासूबाईंच्या देखत पंप घेऊन. सासूबाई स्वतः घड्याळ पाहून आठवण करत. पण त्या वर्षांत आकसलेल्या नळ्या पुन्हा पहिल्यासारख्या उघडल्या नाहीत. अंगणापलीकडे ती फारशी गेली नाही. औषध तेव्हाच सुरू ठेवलं असतं तर, असं तिच्या डॉक्टरांनी एकदा सुरू करून वाक्य अर्धवट सोडलं.

मला त्या दुपारचं शेवटचं आठवतं ते असं. भाऊजी औषधं आणायला खाली गेले. ताईनं डोळे उघडले आणि हळू विचारलं, "समजलं त्यायले?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

तिनं चादरीवर आवळून धरलेली मूठ सोडली. आणि मग मला एक आवाज ऐकू आला, बारीक, लांब, शिट्टीसारखा. मला वाटलं ऑक्सिजनची नळी कुठेतरी सुटली आहे, म्हणून मी उठून सिलिंडरपर्यंत हात लावत गेले. नळी ठीक होती. आवाज ताईच्या छातीतून येत होता. इतकी वर्षं, चारचौघांत, गडावर, स्वयंपाकघरात, ती हा आवाज होऊ न देता श्वास घेत आली होती. आता शेजारच्या खाटेवरच्या बायका वळून पाहत होत्या. ताई डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेत होती.